लवचीक वेष्टनातील हीट सील : तापमानाची भूमिका

दुधाची पिशवी गळू लागली की दोष सहसा फिल्मच्या जाडीला दिला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा जोडात असतो. उष्णतेने केलेल्या जोडाची, म्हणजेच हीट सीलची गुणवत्ता तापमान, दाब व दाबकाल या तीन घटकांवर अवलंबून असते. त्यांपैकी तापमानाचे विवेचन येथे केले आहे.

अल्प घनतेचे पॉलिथिन सुमारे १०५ ते ११५ अंश सेल्सिअसला वितळते. या मर्यादेजवळ दोन थरांतील रेणूंच्या साखळ्या सीमा ओलांडून परस्परांत गुंततात आणि निवताना पुन्हा अंशतः स्फटिकरूप घेऊन जोड पक्का करतात. तापमान अपुरे असल्यास थर केवळ चिकटतात व ओढताच सोलले जातात. तापमान वाढवत गेल्यास जोडाची ताकद प्रथम वेगाने वाढते, नंतर स्थिरावते. त्याहीपुढे उष्णता दिल्यास वितळलेले द्रव्य दाबाखाली बाजूस सरकते, जोडाची कड पातळ होते आणि पिशवी तेथेच फाटते.

उभ्या भरण यंत्रात जोड पूर्ण निवण्यापूर्वीच त्यावर दुधाचा भार पडतो. त्यामुळे जोडाची गरम अवस्थेतील पकडही तितकीच महत्त्वाची ठरते.

तप्त पट्टीच्या यंत्रावर दिसणारा आकडा पट्टीचा असतो, दोन थरांमधील सीमेचा नव्हे. यंत्राचा वेग वाढवल्यास दाबकाल घटतो आणि आकडा तोच असूनही सीमा पुरेशी तापत नाही. म्हणून तापमान निश्चित करताना वेगाची नोंद व जोडाची ओढ-चाचणी अपरिहार्य होय.