दाराशेजारचे दहा आंकडे

पन्नास वर्षांपूर्वीं वारजे हें मुठेच्या कांठचें एक खेडें होतें. रात्रीं कोणी परका गल्लींत शिरला तर आधीं कुत्रीं भुंकत, मग ओसरीवरचा एखादा म्हातारा खाकरे, आणि बहुधा तेवढ्यानें काम भागे. आज त्याच वारज्यांत महामार्गाच्या दोन्ही अंगांस उंच इमारती उभ्या आहेत. दारें दिवसभर बंद, कित्येकांचीं मुलें परदेशीं, आणि समोरच्या घरीं कोण राहतें हें दारावरची पाटी वाचून समजून घ्यावें लागतें. कुत्र्याचें आणि म्हाताऱ्याचें काम अनेक घरीं आतां विजेच्या अलार्मकडे आलें आहे. अलार्म बसविणारीं घरें वाढलीं, परंतु तो नीट चालवितां येणारीं माणसें त्या मानानें वाढलीं नाहींत. बसविणारा कारागीर पंधरा मिनिटांत घाईघाईनें बटणें दाखवितो, एक इंग्रजी पुस्तिका हातीं ठेवतो आणि जिना उतरतो. ती पुस्तिका पुढें विजेच्या बिलांखालीं जाऊन निजते. म्हणून आज दाराशेजारच्या त्या बटणांच्या पाटीविषयीं, जिला सर्व जण कीपॅड म्हणतात तिच्याविषयीं, थोडें सांगावयाचें आहे. ज्यांच्या घरीं ती आहे त्यांनीं ऐकतां ऐकतां उठून तिच्यापाशीं जाऊन उभें राहावयास हरकत नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कीपॅड म्हणजे अलार्म नव्हे. अलार्मचा मेंदू बहुधा एका पत्र्याच्या पेटींत असतो, आणि ती पेटी कपाटांत किंवा माळ्यावर दडविलेली असते. तिच्यांत घरच्या विजेचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि वीज गेल्यावर काम पाहणारी बारा व्होल्टची बॅटरी असते. दारांखिडक्यांवरचे सेन्सर हे तिचे डोळे, सायरन हा घसा आणि कीपॅड हा कान. आपल्याला जें सांगावयाचें तें या कानांत सांगावयाचें. चांगल्या संचांत चोरानें कीपॅड फोडला तरी पेटी आपलें काम सोडीत नाहीं.

दाराच्या सेन्सरची युक्ति मोठी सुंदर आहे. चौकटीवरच्या भागांत कांचेची एक बारीक नळी असते आणि तिच्यांत लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या असतात. दारावर लोहचुंबक बसविलेला असतो. दार लागलेलें असलें म्हणजे चुंबकाच्या ओढीनें पट्ट्या एकमेकींस चिकटतात व त्यांतून वीज वाहते; दार उघडलें कीं चुंबक दूर जातो, पट्ट्या सुटतात आणि प्रवाह तुटतो. पेटीचें सारें लक्ष या तुटण्याकडे. चोरानें शहाणपणा करून तारच कापली, तरी पेटीच्या दृष्टीनें तें दार उघडल्यासारखेंच होतें. विजेच्या घंटेला घराचें राखणदार करण्याची कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंत ऑगस्टस पोप यानें १८५३ सालींच अशा घंटेचें पेटंट घेतलें होतें. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत उंचावर बसविलेला दुसरा सेन्सर मात्र निराळा. माणसाच्या अंगांतून निघणारी उष्णता हलूं लागली कीं ती तो ओळखतो. त्याच्या भिंगावरून पाल फिरली किंवा कोळ्यानें तेथें बिऱ्हाड केलें तर तो फसतो. दिवाळीच्या सफाईंत त्यावरून एक कोरडें फडकें फिरवावें. हें काम कोणाच्याच यादींत नसतें.

आतां बाहेर जाण्याची रीत. कीपॅडवर सर्व ठीक असल्याचा दिवा, बहुधा हिरवा, लागलेला आहे काय हें आधीं पाहावें. नसेल तर कोठें तरी दार किंवा खिडकी उघडी आहे. ती कोणती, हें झोनच्या क्रमांकावरून कळतें. पुष्कळ लोक येथें उठून खिडकी लावण्याऐवजीं तो झोन ‘बायपास’ करून मोकळे होतात. बायपास म्हणजे पहारेकऱ्याला त्या खिडकीकडे पाठ करून बसावयास सांगणें. खिडकीचा सेन्सर बिघडला असेल तर दुरुस्ती होईपर्यंत तें क्षम्य आहे. आळस म्हणून नव्हे. सर्व बंद झालें कीं कोड दाबावा आणि ‘अवे’ हें बटण दाबावें. टूं टूं असा आवाज सुरू होतो. तो आपल्याला बाहेर पडण्यास दिलेला अवधि असून पुष्कळ ठिकाणीं तीस सेकंदांपासून एका मिनिटापर्यंत असतो. तेवढ्यांत मुख्य दारानेंच बाहेर पडावें. परत आल्यावरहि दार उघडतांच तसाच आवाज येतो व कोड दाबण्यास साधारण तितकाच वेळ मिळतो. ही सवलत फक्त मुख्य दाराला. गॅलरीचें दार उघडलें तर सायरन तत्क्षणीं वाजतो.

घरांत माणसें असतां ‘अवे’ नव्हे, ‘स्टे’ दाबावयाचें असतें. ‘स्टे’ दाबलें म्हणजे दारांखिडक्यांवर पहारा राहतो, पण आंतल्या उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरकडे पेटी लक्ष देत नाहीं. माणसें घरभर मोकळेपणीं वावरूं शकतात. मात्र कांहीं घरीं रात्रीच्या पहाऱ्यांत मुख्य दाराचीहि सवलत काढून टाकलेली असते. तेव्हां पहाटे दुधाची पिशवी आंत घेण्यापूर्वीं आधीं कोड, मग कडी, हा क्रम चुकूं नये.

दोन बटणांतला हा भेद क्षुल्लक वाटेल. आमच्याच भागांतील एका इमारतींत घडलेली हकीकत सांगतों. मुलगा व सून सकाळीं कचेरीस जात आणि संवयीनें ‘अवे’ दाबून दार ओढून घेत. घरीं मुलाची ऐंशीच्या पुढची आई. ती देवघरांतून उठून दिवाणखान्यांत आली कीं सायरन! एका आठवड्यांत असें तीन वेळां झालें. पहिल्या वेळीं मजल्यावरचे सारे धांवले. दुसऱ्या वेळीं दोघे आले. तिसऱ्या वेळीं कोणी तरी आंतूनच “पुन्हां यांचेंच!” म्हणाले व टेलिव्हिजनचा आवाज वाढविला. चौथ्या वेळीं सायरन वाजला तो म्हातारबाईंनीं स्वतः वाजविला होता. त्या न्हाणीघराबाहेर घसरून पडल्या होत्या आणि गळ्यांत अडकविलेल्या लहानशा रिमोटवरचें संकटाचें बटण त्यांनीं दाबून धरलें होतें. दाराशीं कोणीहि गेलें नाहीं. अर्ध्या तासानें पाणी सोडणारा माणूस वर आला, त्याला आंतून हांका ऐकूं आल्या, तेव्हां कोठें दार उघडण्याची खटपट सुरू झाली. मांडीचें हाड मोडलें होतें; पुढें शस्त्रक्रिया झाली व आज बाई काठी घेऊन चालतात. यंत्र चारहि वेळां सांगितल्याप्रमाणें बरोबर वागलें होतें. खोट्या हांकेनें झिजला होता तो शेजाऱ्यांचा विश्वास, आणि तो नवा बसवून देणारा कारागीर अद्याप कोणी पाहिलेला नाहीं.

कोडाविषयीं थोडें गणित सांगितल्यावांचून माझ्यासारख्या जुन्या मास्तराला राहवणार नाहीं. चार आंकड्यांचे कोड दहा हजार होतात. चारच आंकडे कां, याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. इंग्लंडांत एन्फील्ड येथें १९६७ सालीं बँकेचें पैसे देणारें यंत्र बसलें. तें तयार करणारे जॉन शेफर्ड-बॅरन, जन्मानें आपल्याकडील शिलाँगचे, प्रथम सहा आंकडे ठेवणार होते. पण पत्नीनें आपल्याला चारच लक्षांत राहतात असें सांगितलें व चार ठरले, असें ते सांगत. असो. या दहा हजारांतून लोक निवडतात काय, तर १२३४, नाहीं तर जन्मसाल. १९ नें सुरू होणारे कोड अवघे शंभर आहेत, हें चोरालाहि कळतें. दुसरी गोष्ट झिजलेल्या बटणांची. तोच कोड वर्षानुवर्षें दाबल्यानें चार बटणांवरचे आंकडे पुसट होतात. ते चार आंकडे कळले म्हणजे दहा हजारांतून चोवीसच मांडण्या उरतात. आतां मौज पाहा. कोडांत एक आंकडा दोनदां घेतला असेल तर तीनच बटणें झिजतात. वाटतें कीं चोराचें काम सोपें झालें. वस्तुतः मांडण्या छत्तीस होतात! तथापि याहून चांगला उपाय म्हणजे अधूनमधून कोड बदलणें आणि बटणें पुसणें.

घरांत सर्वांना एकच कोड असूं नये. मुख्य कोड एकाकडे ठेवून त्याच्या आधारें इतरांना निरनिराळे कोड देतां येतात. स्वयंपाकाच्या मावशींना त्यांचा स्वतंत्र कोड द्यावा. त्यांत त्यांचा अपमान नाहीं. उलट उद्यां कांहीं घडलें तर त्या किती वाजतां आल्या व गेल्या याची नोंद त्यांच्याच बाजूनें बोलेल. काम सुटलें कीं तेवढाच कोड काढून टाकावा. कारखान्यांतून आलेला मूळ कोड मात्र पहिल्याच दिवशीं बदलला पाहिजे.

पुष्कळ संचांत जबरदस्तीचा म्हणून एक निराळा कोड असतो. कोणी धाक दाखवून अलार्म बंद करावयास लावलें तर हा कोड दाबावा. अलार्म नेहमीप्रमाणें बंद झालेला दिसतो, पण ठरलेल्या क्रमांकांवर गुपचूप निरोप जातो. निरोप जाण्यासाठीं पेटींत सिम कार्ड असतें, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. त्या सिमचा रिचार्ज भरण्याचें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. तें बंद पडतें आणि पेटी मुकी होते. बॅटरीचेंहि तसेंच. ती तीन ते पांच वर्षांत थकते, कीपॅडवर पिवळा दिवा लागतो, बारीक आवाज येऊं लागतो. तो आवाज बटण दाबून गप्प करणें सोपें असतें म्हणून तेवढेंच केलें जातें. मग दुरुस्तीच्या गुरुवारीं वीज गेली कीं घर उघडें पडतें. महिन्यांतून एकदां पेटीची वीज बंद करून दार उघडून पाहावें व सायरन वाजतो कीं नाहीं, निरोप येतो कीं नाहीं, याची खात्री करावी. शेजाऱ्यांना आदल्या दिवशीं वेळ सांगून ठेवावी, म्हणजे त्या वेळचा सायरन चांचणीचा आणि इतर वेळचा खरा, हें त्यांना ठाऊक राहील.

घरांतील प्रत्येकाला, आजीपासून शाळकरी नातवापर्यंत, कीपॅडवर कोड दाबून सायरन बंद करतां आला पाहिजे. हें तोंडी सांगून येत नाहीं. प्रत्येकाकडून निदान तीन वेळां प्रत्यक्ष करवून घ्यावें, आणि त्यांतलें एकदां सायरन चालू असतांना. कारण त्या कर्कश आवाजांत पाठ असलेले आंकडेहि बोटांना आठवत नाहींत.

आणि बाहेरून परत येतां सायरन वाजत असेल, किंवा तो थांबून केवळ दिवा लुकलुकत असेल, तर कीपॅडकडे धांवूं नये. पुष्कळ सायरन कांहीं मिनिटांनीं आपोआप थांबतात. शांतता म्हणजे चोर गेला असें नव्हे. दाराला हात न लावतां खालीं यावें, पहारेकऱ्याला बरोबर घ्यावें व ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावें. पत्ता सांगतांना इमारतीचें नांव, मजला आणि जवळची खूण सांगावी, कारण एकाच नांवाच्या दोन-तीन सोसायट्या असणें आपल्याकडे नवल नाहीं. पोलीस येऊन गेल्यावर मग आंत जावें, कोड दाबावा, आणि कोणत्या झोननें हांक मारली तो क्रमांक कीपॅडवर पाहून कागदावर लिहून ठेवावा.