पाठीतल्या पाण्याची साक्ष

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की आपल्याकडची वडीलधारी माणसं अजूनही दचकतात. माणूस कमरेतून अधू होतो, ही समजूत काही केल्या जात नाही. खरं तर सुई शिरते ती कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. डोकं मात्र काहींचं दोन-चार दिवस दुखतं. हाइनरिश क्विंके या जर्मन वैद्याने 1891 मध्ये रूढ केलेली ही तपासणी शंभरेक वर्षं मेंदूज्वरासारख्या आजारांच्याच कामी आली. विसरण्याच्या आजाराशी तिची गाठ पडली ती 1990 नंतर.

तोवर अल्झायमरचं पक्कं निदान माणूस गेल्यावरच व्हायचं. आलोइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये आउगुस्ट डेटर या रुग्णाच्या मेंदूत पेशींबाहेरचे साके आणि पेशींतला गुंता दाखवला, तोही तिच्या मृत्यूनंतर. पुढची आठ-नऊ दशकं डॉक्टर जिवंत रुग्णाच्या कागदावर ‘बहुधा’ एवढंच लिहू शकत होते.

साक्यातलं प्रथिन म्हणजे बीटा-अमायलॉइड. ग्लेनर आणि वाँग यांनी ते 1984 मध्ये वेगळं काढलं. 1992 मध्ये ते निरोगी माणसाच्या पाठीतल्या पाण्यातही सापडलं आणि रोगाचं विष समजलं गेलेलं हे प्रथिन शरीर रोजच बनवतं, हे कळलं. मग साहजिक अपेक्षा अशी की, रुग्णाच्या पाण्यात ते जास्त असेल. 1995 च्या सुमारास मोजलं तर उलटंच निघालं. त्याचा 42 अमिनो आम्लांचा चिकट प्रकार रुग्णांत जवळपास निम्म्यावर आलेला! मेंदूत साके बसू लागले की ते तिथेच अडकतं, पाण्यापर्यंत पोचतच नाही, हा त्याचा सर्वमान्य उलगडा. वरच्या धरणात गाळ अडला की खाली नितळ पाणी येतं, तसं. दुसरीकडे, पेशींच्या आतल्या सांगाड्याला आधार देणारं टाऊ प्रथिन पाण्यात वाढलेलं सापडलं. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या काय ब्लेनो यांच्या गटाने हे टाऊ आणि त्याचं फॉस्फेट चिकटलेलं रूप चिकाटीने मोजत नेलं.

या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत आवडलेला भाग मात्र नळीचा आहे. एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीशी जुळेनात. कारणांचा शोध घेता घेता संशयाची सुई ज्या नळीत पाणी धरलं जायचं तिच्यावरही आली. अमायलॉइड पॉलिस्टायरीनच्या भिंतीला चिकटून बसतं. पाणी एका नळीतून दुसरीत ओतलं की आकडा आणखी घसरतो. म्हणजे बिचाऱ्या माणसाच्या मेंदूत काही नसतानाही नळी त्याला रोगी ठरवू शकत होती. मग पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या आल्या, पाणी धरण्याचे नियम ठरले, आणि 42 चा आकडा एकटा न पाहता 40 अमिनो आम्लांच्या भावंडाशी त्याचं गुणोत्तर काढण्याची युक्ती रुळली. भावंडही नळीला चिकटतं, त्यामुळे चूक बरीचशी वजा होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 मध्ये मान्य केलेली पाण्याची चाचणी याच गुणोत्तरावर चालते.

2012 मध्ये आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 128 जणांची तपासणी करून काढलेला अंदाज असा: लक्षणं दिसण्याच्या वयाआधी 25 वर्षं पाण्यातलं अमायलॉइड उतरू लागतं, 15 वर्षं आधी टाऊ चढलेलं असतं, आणि आठवणींची पडझड चाचणीत दिसते ती साधारण 10 वर्षं आधी. ही कुटुंबं मुलखावेगळी, एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी. तरी क्रम कळला: आधी पाणी बदलतं, मग माणूस.

घोळ सुरू झाला तो इथेच. 2018 मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी संशोधनापुरती व्याख्याच बदलली: खुणा आहेत म्हणजे अल्झायमर आहे, विसरणं असो वा नसो. 2021 मध्ये दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने त्याला हरकत घेतली. मला तीच रास्त वाटते. बुद्धी शाबूत असलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या मेंदूत अमायलॉइड असतं आणि त्यातले अनेकजण हिशेब चोख ठेवत जगाचा निरोप घेतात. अमायलॉइडचा आकडा लवकर हलतो आणि मग जवळपास स्थिरावतो. त्यामुळे पुढे माणूस किती ढासळला, हे त्यावरून कळत नाही. त्या बाबतीत टाऊ अधिक बोलकं. पण तेही पंचांगासारखी तारीख सांगत नाही.

औषधं आल्यावर ही चर्चा कागदावर राहिली नाही. 2023 मध्ये मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब अमायलॉइड उपसतं; 18 महिन्यांच्या चाचणीत त्याने घसरण 27 टक्के मंदावली, थांबवली नाही. ते द्यायचं तर मेंदूत अमायलॉइड असल्याचा पुरावा आधी हवा, म्हणजे महागडा पेट स्कॅन किंवा पाठीतलं पाणी. मे 2025 मध्ये अमेरिकेत रक्ताच्या चाचणीलाही परवानगी मिळाली. ती पारखून घेतली होती याच दोन जुन्या साक्षीदारांवर. रक्ताचा निकाल काहींच्या बाबतीत मधल्या पट्ट्यात अडकतो, धड हो नाही, धड नाही नाही. मग डॉक्टर पुन्हा सांगतात: कुशीवर वळा, गुडघे छातीशी घ्या, पाठ वाकवा.