पू न होणारा व्रण आणि एकविसावे गुणसूत्र

आम, पच्यमान आणि पक्व या शोथाच्या अवस्था सुश्रुतसंहितेतून आपण सारेच शिकलो. पक्वावस्थेत पूय होणारच, असे आपण धरून चालतो. परंतु क्वचित एखाद्या अर्भकात व्रण पसरत जातो, पूय मात्र होत नाही. या व्याधीचे मूळ एका जनुकात आहे. त्याचा परिचय वैद्य व औषधालयचालक दोघांनाही असावा, म्हणून हा लेखप्रपंच.

श्वेतपेशींच्या पृष्ठभागावर 'बीटा-२ इंटिग्रिन' नावाचे ग्राही असतात. त्यांच्या साहाय्याने पेशी रक्तवाहिनीच्या भित्तीस चिकटते व तेथून व्रणस्थानी उतरते. प्रत्येक ग्राहीत दोन प्रथिनसाखळ्या असतात. 'अल्फा' साखळ्या चार प्रकारच्या असून त्यांची जनुके १६ व्या गुणसूत्रावर आहेत. 'बीटा' साखळी, म्हणजे सीडी-१८, सर्वांना समान. तिचे 'आयटीजीबी-२' हे जनुक २१ व्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेच्या टोकाशी आहे. ते सुमारे ४० हजार बेस-जोड्यांचे असून प्रथिनाचा संकेत १६ एक्झॉनांत विभागलेला आहे.

बीटा साखळीविना अल्फा साखळ्या पेशीपृष्ठावर पोहोचत नाहीत. साहजिकच एका जनुकाच्या दोषाने चारही ग्राही लोपतात. श्वेतपेशी रक्तातच राहतात. तपासणीत त्यांची संख्या फार वाढलेली दिसते, व्रण मात्र पूयविरहित. यास 'ल्युकोसाइट अ‍ॅडिजन डेफिशियन्सी, प्रकार १' म्हणतात. सदोष जनुक माता व पिता दोघांकडून आल्यासच व्याधी प्रकटते. म्हणून नात्यातील विवाहांत तिचा संभव अधिक.

नाळ सामान्यतः एक-दोन आठवड्यांत गळते. ती तीन आठवड्यांनंतरही न गळणे, नाभिपाक आणि वारंवार जंतुसंसर्ग ही लक्षणे एकत्र दिसल्यास सावध व्हावे. केवळ नाळ उशिरा गळणे म्हणजे हा व्याधी नव्हे.

गिरगाव, दादर, लालबागच्या व्यवसायबंधूंना निदानाची सोय जवळच आहे. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी' आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून आरंभ झालेल्या या संस्थेने अशा भारतीय रुग्णांचा अभ्यास केला आहे. फ्लो सायटोमेट्रीने पेशींवरील सीडी-१८ मोजता येते. दोन टक्क्यांहून कमी पेशींवर ते आढळल्यास व्याधी तीव्र समजतात. तीव्र प्रकारात अस्थिमज्जारोपण न झाल्यास अनेक बालके दोन वर्षांच्या आत दगावतात.

नाभिपाकावर चरकोक्त लोध्रादि तैल आपण देतोच. परंतु या बालकात तैलावर विसंबून दिवस घालविणे जिवावर बेतेल. तेव्हा अर्भकाच्या नाभीसाठी औषध मागणाऱ्या पालकांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: नाळ कितव्या दिवशी गळली? व्रणात पू दिसतो का? उत्तर शंकास्पद वाटल्यास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे, ही आमची आग्रहाची विनंती.