बुटकी ब्राबम

1986 ची फॉर्म्युला वन गाडी ब्राबम बीटी 55 फसली, पण तिच्यामागची कल्पना फसली नव्हती. तिचा आराखडा करणाऱ्या गॉर्डन मरेचा हिशेब सरळ होता: गाडी बुटकी, तर मागच्या पंखाला हवा स्वच्छ. म्हणून चालकाला जवळजवळ आडवं निजवलं आणि बीएमडब्ल्यूचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन 72 अंशांत कलवलं. घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. कललेल्या इंजिनातून तेल नीट परत खेचलं जाईना, ताकद घटली; वर्षभरात गुण मिळाले अवघे दोन. चाचणीत चालक एलिओ दे आंजेलिसचा जीव गेला, ते दुःख वेगळंच.

कुणी म्हणेल, हरलेल्या कल्पनेचं कौतुक कशाला? शिवाय मरे पुढे मॅक्लारेनमध्ये गेला, तरी तिथल्या 1988 च्या एमपी 4/4 च्या आराखड्याचं श्रेय स्टीव्ह निकोल्सलाही जातं, इंजिन होंडाचं. मान्य. तरी तीही गाडी तशीच बुटकी होती, आणि तिने 16 पैकी 15 शर्यती जिंकल्या.