गोधडीचा कच्चा टाका

तमिळनाडूत कुंभकोणमच्या परिसरात देवळांच्या रथांवर ‘तोंबै’ नावाची नळकांड्याच्या आकाराची वस्त्रे टांगतात. ती कापडावर कापड जोडून केलेली असतात. अशा जोडकामातील अडचण सर्वत्र एकच : टाका घालीत असता खालचे कापड सरकते. महाराष्ट्रातील गोधडीत तर थर अनेक आणि तेही जुनेराचे. झिजलेल्या लुगड्याचा पोत सर्वत्र सारखा राहत नाही. शिवाय कापड उभ्या धाग्यात कमी ताणते, आडव्यात थोडे अधिक आणि तिरपे धरल्यास सर्वांत जास्त. म्हणून थरांचे उभे धागे एकाच दिशेस ठेवून ते जमिनीवर पसरतात, कोपऱ्यांवर वजने ठेवतात आणि मग लांब कच्चे टाके घालतात. दोन ओळींत वीतभर अंतर पुरते. सुरुवात मात्र मध्यापासूनच करावी. पुष्कळ ठिकाणी गोधडीचा पक्का धावदोरा काठापासून फिरत फिरत आत येतो. कच्च्या टाक्याने आधीच काठाकडे लोटून न दिलेला ढिलेपणा अशा वेळी मध्यभागी चुणी होऊन साठतो. तेव्हा उसवणेही धोक्याचे, कारण विरलेले कापड सुईच्या भोकांतूनच फाटते. कच्चा दोरा वेगळ्या रंगाचा घ्यावा आणि त्याच्या शेवटी गाठ मारू नये, म्हणजे तो ओढताच सहज निघतो.