स्टॉक इंजिनासाठी कॅमशाफ्टची निवड

कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. व्हॉल्व्ह कधी, किती आणि किती वेळ उघडा राहणार, हे त्याच्यावरच्या लोबचा आकार ठरवतो. बाकी इंजिन मूळचेच ठेवून फक्त कॅम बदलायचा असेल, तर बाकीच्या भागांना सोसेल तोच कॅम घ्यावा लागतो. शेव्हरोलेचे ३५० क्युबिक इंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे, व्ही-८ इंजिन १९६७ च्या कॅमारोत आले. अमेरिकेत हौशी मंडळी वर्षानुवर्षे या इंजिनाचे कॅम बदलत आली आहेत.

पहिला आकडा ड्युरेशनचा. लिफ्टर ०.०५० इंच उचलला गेल्यापासून परत तेवढ्यावर येईपर्यंत क्रँक जितके अंश फिरतो, ते हे माप. दोन कॅमची तुलना याच मापावर करावी. जाहिरातीतला मोठा आकडा प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने मोजतो. सुमारे ८.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला इनटेकसाठी २०४ आणि एक्झॉस्टसाठी २१४ अंशांच्या आसपासचा कॅम मानवतो. ड्युरेशन फार वाढवले तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पिस्टन वर निघालेला असतो आणि कमी आरपीएमला आत आलेली हवा पुन्हा मॅनिफोल्डकडे ढकलली जाते. खालचा टॉर्क जातो, आणि वरच्या आरपीएमचा फायदा मूळ हेड व एक्झॉस्ट पदरात पडू देत नाहीत.

दुसरा आकडा इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधल्या कोनाचा. तो ११२ अंशांच्या आसपास असला की दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडाच काळ उघडे राहतात, आयडलिंग स्थिर राहते आणि पॉवर ब्रेकला पुरेसा व्हॅक्यूम मिळतो. एवढ्याच ड्युरेशनवर कोन कमी केला तर आयडलिंग डळमळते; व्हॅक्यूम फार घटला तर ब्रेकचे पेडल जड होते.

तिसरा आकडा लिफ्टचा. लोबची उचल ०.२८० इंच आणि रॉकरचे गुणोत्तर १.५ असेल, तर व्हॉल्व्ह ०.४२० इंच उघडतो. लिफ्ट जास्त असेल तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडत नाहीत ना, रिटेनर गाइडच्या सीलवर आदळत नाही ना, हे आधी पाहावे. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधले अंतर तपासायला पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती थापतात, तपासणीपुरते सॉलिड लिफ्टर घालतात, गॅस्केटसह हेड बसवतात आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवतात. मग हेड उतरवून ब्लेडने माती कापतात. व्हॉल्व्हच्या ठशाखाली सर्वांत पातळ जागी इनटेकला सुमारे २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर जाडी उरलेली असावी.

दोन कॅममध्ये निर्णय होत नसेल, तर लहान घ्यावा.

सपाट टॅपेटच्या कॅमबरोबर लिफ्टरही नवेच लागतात, कारण जुने आपापल्या जुन्या लोबवर झिजलेले असतात. जस्तयुक्त ऑइल भरून इंजिन सुरू होताच सुमारे २० मिनिटे २,००० ते २,५०० आरपीएमवर चालवतात. या लोबना मुख्यतः क्रँकने उडवलेल्या ऑइलचे वंगण मिळते आणि आयडलिंगवर ते पुरेसे पोहोचत नाही. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलतात.