मानवेल आणि ट्राउटची काठी

पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती भामरागडजवळ एकत्र येतात. या तिन्ही नद्यांत ट्राउट नाही, असणारही नाही. या माशाला गार, खळाळतं पाणी लागतं. ते 20 अंशांच्या वर तापू लागलं की तो हैराण होतो. म्हणूनच इंग्रजांनी तो आणला तो काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीत. तरीही ट्राउटच्या काठीबद्दल बोलताना भामरागडची आठवण काढायला सबळ कारण आहे. इथल्या जंगलात जो मानवेल बांबू मुबलक आहे, त्याच जातीचा बांबू एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याहून जहाजाने परदेशी जाई. अमेरिकेतले कारागीर तो उभा चिरून, सहा त्रिकोणी पट्ट्या एकमेकींना चिकटवून ट्राउटच्या काठ्या बनवत. पुढे चीनमधला टोंकीन बांबू आला, मग काचतंतू, 1970 च्या दशकात कार्बन. साहित्य बदलत गेलं, पण काठी पारखण्याची कसोटी तीच राहिली: दोरीच्या वजनाने ती किती आणि कशी वाकते?

याचं कारण या मासेमारीच्या रीतीतच आहे. आपल्या नेहमीच्या गळाला शिसं किंवा आमिष असतं. ते फेकलं की दोरा मागोमाग जातो. ट्राउटसाठी मात्र गळाला पिसं आणि धागा गुंडाळून खोटी माशी केलेली असते आणि तिला वजन जवळजवळ नसतंच. त्यामुळे फेकायची असते ती जाड दोरी. माशी तिच्या ओढीने जाते. म्हणून काठीवरचा नंबर हा दोरीच्या वजनाचा असतो. 5 नंबरच्या दोरीचा पहिला 30 फुटांचा भाग 140 ग्रेन, म्हणजे सुमारे 9 ग्रॅम भरतो. ओढ्यात मासा 15-20 फुटांवर असतो, तेव्हा काठीबाहेर दोरी थोडीच असते आणि वजन 9 ग्रॅमपेक्षा बरंच कमी. तेवढ्याने कडक काठी वाकतच नाही, आणि न वाकलेली काठी दोरी नीट फेकत नाही. हिमाचलातल्या तीर्थनसारख्या नदीवर जाणाऱ्या नवशिक्याने म्हणूनच 4 किंवा 5 नंबरची, मध्यम लवचिक काठी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

यावर आक्षेप येतो की कडक काठी लांब फेकते आणि वाऱ्यालाही दाद देत नाही. खरं आहे; रुंद, उघड्या पात्रावर 9 फुटी, थोडी कडक काठी उजवी ठरते, शिवाय मधल्या प्रवाहावरून दोरी उचलून धरायला लांबी उपयोगी पडते. पण दोन्ही काठांवर झाडी झुकलेली असेल, तर तीच लांबी फांद्यांत अडकते. तिथे साडेसात-आठ फूट पुरे. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे: मग बांबूच्या शेंड्याला दोरा बांधून भागणार नाही का? छोट्या ओढ्यात जरूर भागतं. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर तेनकारा नावाची, रीळ नसलेली हीच पद्धत रुजली आहे. मासा मोठा असून दोरी ओढत पळू लागला, की मात्र रीळ हवंच. गोदावरी खोऱ्यातल्या महासीरसाठी तर 8 नंबरच्या आसपासची काठी लागते, आणि अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय गळ टाकू नये. ट्राउटसाठीही हिमाचल, काश्मीरमध्ये मत्स्यखात्याचा परवाना काढावा लागतो.

दुकानात काठी नुसती हवेत हलवून काही कळत नाही. तिच्या नंबरची दोरी ओवायला सांगावी, मोकळ्या जागी ती 20 फूट टाकून पाहावी, मग 40 फूट. जवळच्या फेकीत काठी वाकल्याचं मुठीला जाणवलं नाही, तर पैसे देऊ नयेत.